फिलिपिनो हॉटेलात जेवायला जाताना: आधी ताटाची डावी बाजू शोधा

पुण्याहून मावशी मनिलाला आली आणि पहिल्याच संध्याकाळी आम्ही तिला बाहेर जेवायला घेऊन गेलो. मेनूकार्डात तिला 'मोंगो' दिसलं, शेजारी हिरव्या मुगाचं चित्र दिसलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. "अगं, मुगाची उसळ आहे की इथे!" वाडगं आलं. मूग छान शिजलेले, लसणाचा खमंग वास, शेवग्याचा पाला, आणि वर पसरलेले फिकट, कुरकुरीत तुकडे. मावशीने ते कुरडईसारखं काहीतरी समजून तोंडात टाकले. ती डुकराची तळलेली कातडी होती. चमचा खाली घातला तर कोलंबीही निघाली. मावशी त्या रात्री घरी येऊन दहीभात खाऊन झोपली, आणि मी ठरवलं की यापुढे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला निघायच्या आधीच सगळं नीट सांगायचं.

ते सांगणं आता बरंच लांबत चाललंय, म्हणून एकदाचं लिहून काढते. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांच्या पर्यटनासाठी फिलिपिन्सचा व्हिसा लागत नाही, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीहून मनिलाला थेट विमान सुरू झालं. म्हणजे आपली माणसं इकडे वाढणार. दुबईत राहणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. तिथल्या करामा आणि सातवा भागांत फिलिपिनो हॉटेलं आहेतच, आणि ऑफिसातल्या फिलिपिनो मैत्रिणीने एकदा तरी तुम्हाला तिकडे ओढून नेलेलं असतं.

माझी स्वतःची चूक मावशीपेक्षा मोठी होती, कारण ती सहा महिने टिकली. मी इथे येऊन जेवत होते आणि सगळ्यांना सांगत होते की यांचं जेवण एकतर आंबट नाहीतर फिकं. शेवटी ऑफिसातल्या एकीने माझ्या ताटाकडे बघून विचारलं, "तुझं सावसावान कुठंय?" मी म्हटलं, ते काय? ती उठली, कोपऱ्यातल्या टेबलावरून चार बाटल्या आणि एक चिमुकली बशी घेऊन आली. तिने सोया सॉसमध्ये छोटं लिंबू पिळलं, लाल मिरची चमच्याच्या पाठीने चेचली आणि म्हणाली, "आता जेव." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे वाढतात आणि त्यांच्याशिवाय वरणभात अपुरा वाटतो. फिलिपिनो जेवणाला तशीच डावी बाजू असते. फरक एवढाच की ती कोणी वाढून देत नाही, ती आपली आपण करायची. हे कळलं की बाकीचं सोपं आहे. तरीही क्रमाने सांगते.

हॉटेल कुठलं निवडायचं

सगळ्यात साधी म्हणजे 'कारिन्देरिया', आपली खानावळ. काचेमागे पातेली मांडलेली असतात आणि तुम्ही बोट दाखवायचं. म्हणून तिला 'तुरो-तुरो'ही म्हणतात, 'तुरो' म्हणजे बोट दाखवणं. स्वयंपाक सकाळी होतो, तेव्हा जायचं असेल तर दुपारी बाराच्या आत जा. संध्याकाळी पातेल्याच्या तळाशी उरलेलं मिळतं.

भाजलेली कोंबडी आणि भात एवढंच हवं असेल तर 'मांग इनासाल' गल्लोगल्ली आहे. २००३ मध्ये इलोइलो शहरात सुरू झालेली ही साखळी पुढे जॉलिबी या इथल्या मोठ्या फास्टफूड कंपनीने घेतली. तिथे ठरावीक थाळ्यांवर भात हवा तेवढा मिळतो आणि एक मुलगा भाताचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरत असतो. 'इनासाल' म्हणजे गवती चहा, आलं, लिंबू आणि व्हिनेगरमध्ये मुरवून कोळशावर भाजलेली कोंबडी. हा पदार्थ मूळचा बाकोलोदकडचा. ऑर्डर देताना 'पेचो' हवं की 'पाआ' असं विचारतील. पेचो म्हणजे छातीचा तुकडा, पाआ म्हणजे तंगडी. तंगडीच घ्या.

जुन्या नावांमध्ये मनिलाच्या रोहास बुलेव्हार रस्त्यावरचं 'अॅरिस्टोक्रॅट' १९३६ पासूनचं आहे. एंग्रासिया रेयेस नावाच्या बाईंनी ते गाडीवरच्या खाद्यपदार्थांपासून उभं केलं. तिथलं चिकन बार्बेक्यू, पिवळा जावा राइस आणि सोबतचं कच्च्या पपईचं गोड-आंबट लोणचं ही त्रयी ठरलेली आहे. या लोणच्याला ते 'आचारा' म्हणतात. हा शब्द कुठून आला असेल हे आपल्याला सांगायला नको. १९४५ मध्ये क्वेझॉन सिटीत सुरू झालेलं 'मॅक्सेस' तळलेल्या कोंबडीसाठी प्रसिद्ध आहे. आजी-आजोबांचे वाढदिवस अशाच ठिकाणी होतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मात्र मी 'मानाम'सारखं नव्या धाटणीचं हॉटेल सुचवते. चव घरगुतीच असते, पण प्रत्येक पदार्थ लहान, मध्यम आणि मोठ्या आकारात मिळतो. इतर बहुतेक हॉटेलांत एक पदार्थ तीन-चार जणांना पुरेल एवढा येतो, त्यामुळे दोघं गेलात तर दोन पदार्थांत पोट भरतं आणि चव कळतच नाही. इथे दोघांत पाच पदार्थ चाखता येतात.

'दांपा' हा आणखी एक प्रकार आहे. बाजारातून मासळी स्वतः घ्यायची आणि शेजारच्या हॉटेलात शिजवून मागायची. मालवणी माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटेल, पण भाव करता येत नसेल तर पहिल्या खेपेला टाळा. आणि जॉलिबी? एकदा जाऊन या. गोड स्पगेटी आणि त्यात सॉसेजचे तुकडे हा अनुभव सांगून समजत नाही.

दिवस आणि वेळ

आपल्याला रात्री नऊला भूक लागते. इथली माणसं सात वाजता जेवायला बसलेली असतात आणि मॉलमधली बरीच हॉटेलं नऊ-दहाला आवरायला लागतात. साडेसहाला पोचलात तर उत्तम. रविवारी दुपारी चर्चमधली प्रार्थना आटोपून अख्खी घराणी बाहेर पडतात, तेव्हा बारा ते दीड या वेळात टेबल मिळणं कठीण. पगार महिन्यातून दोनदा, साधारण १५ आणि ३० तारखेला होतो. त्या संध्याकाळी, त्यातही शुक्रवार आला तर, रस्ते आणि हॉटेलं दोन्ही तुंबतात. हे कुठल्याही पर्यटनाच्या पुस्तिकेत मी वाचलेलं नाही, दीड तास रांगेत उभं राहून शिकलेय.

दारात

आत घुसून मोकळ्या टेबलावर बसू नका. दाराशी वही किंवा टॅबलेट घेऊन कोणीतरी उभं असतं, तिथे नाव आणि माणसांची संख्या लिहायची. आपली नावं त्यांना झेपत नाहीत. मी 'अना' लिहिते. दारातून आत शिरताच सगळे एका सुरात 'गुड इव्हनिंग, मॅम-सर!' म्हणतात. एकटी बाई असली तरी 'मॅम-सर'च. हसू आवरा.

वेटरला हाक मारायची ती 'कुया' म्हणजे दादा, आणि 'आते' म्हणजे ताई. आपल्या सवयीला हे अगदी जवळचं आहे, आपणही 'ओ दादा' म्हणतोच. वाक्याच्या शेवटी 'पो' लावलं की आदर आला, आपल्या 'अहो-जाहो'सारखा. 'सालामात पो' म्हणजे आभारी आहे हो. तेवढ्या 'पो'ने समोरच्याचा चेहरा खुलतो, मी कितीदा तरी पाहिलंय. वेटरने काही न बोलता भुवया वर केल्या तर त्याचा अर्थ 'हो'. ओठांचा चंबू करून एखाद्या दिशेला केला तर तो वाट दाखवतोय, त्या बाजूला बघा. स्वच्छतागृहाला इथे 'सीआर' म्हणतात, टॉयलेट म्हटलंत तरी कळतं. आणि 'फॉर अ व्हाइल पो' म्हणजे 'जरा थांबा हं'. ते जरा किती, ते स्वयंपाकघराला ठाऊक.

मेनू वाचायची किल्ली

मेनूवरची लांबलचक नावं पाहून घाबरायला होतं, पण त्यांची रचना अगदी सोपी आहे. पहिला शब्द शिजवण्याची रीत सांगतो आणि शेवटचा शब्द आत काय आहे ते सांगतो. आधी शेवटचा शब्द पाठ करा: मानोक म्हणजे कोंबडी, बाबोय म्हणजे डुक्कर, बाका म्हणजे गाय-बैलाचं मांस, इस्दा म्हणजे मासा, हिपोन म्हणजे कोलंबी, पुसित म्हणजे माकूल, काम्बिंग म्हणजे बोकड, गुलाय म्हणजे भाजी. बांगुस हा इथला लाडका मासा आहे. त्याला काटे फार, म्हणून 'बोनलेस' लिहिलेलाच मागवा.

मग रीत. 'अडोबो' म्हणजे व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र आणि मिरी घालून मंद आचेवर आटवलेलं. अडोबो ही रीत असल्यामुळे अडोबोंग मानोकही असतो आणि अडोबोंग कांगकोंगही. कांगकोंग म्हणजे पाण्यात वाढणारी आपली नाळीची भाजी. गोव्याच्या माणसाला यात विंदालूचा भाऊबंद दिसेल, व्हिनेगर आणि लसूण तेच, मसाला मात्र जवळपास नाही. 'गिनाताआन' म्हणजे नारळाच्या दुधातलं. 'इनिहाव' म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं. 'प्रितो' तळलेलं. 'गिनिसा' म्हणजे लसूण-कांदा-टोमॅटोवर परतलेलं. 'किनिलाव' दिसलं तर थांबा, कच्चा मासा व्हिनेगरमध्ये मुरवलेला असतो. मला आवडतो, पण पहिल्या रात्री नको. 'दिनुगुआन' म्हणजे डुकराच्या रक्तातला काळा रस्सा. तो मेनूवर 'चॉकलेट मीट' अशा लाडक्या नावानेही येतो, तेव्हा मुलांनी बोट ठेवलं तर आधी तुम्ही वाचा.

'सिनिगांग' म्हणजे आंबट कढण. या एका पदार्थासाठी मी थोडी रेंगाळणार आहे. बहुतेक ठिकाणी तो चिंचेचा असतो. पण आंबटपणाला कैरी, पेरू, किंवा 'कामियास' म्हणजे कोकण-गोव्यातली बिंबलंही चालतात. फिलिपिन्सच्या मधल्या बेटांवर 'बातुआन' नावाचं फळ वापरतात, ते आपल्या रातांब्याच्याच कुळातलं आहे. तिकडे 'केबीएल' नावाच्या रश्श्यात तूर, फणस आणि डुकराचं मांस असतं आणि आंबटपणा बातुआनचा. आमसुलाचं सार पिऊन वाढलेल्या माणसाला हे कढण परकं वाटूच शकत नाही. त्यात मुळा, चवळीच्या लांब शेंगा, भेंडी, वांगं, पालेभाजी आणि एखादी आख्खी हिरवी मिरची असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने सिनिगांग मागवलाच पाहिजे, यावर मी वाद घालायला तयार आहे. मानाममध्ये कलिंगड घातलेला सिनिगांग मिळतो, त्यात मांस मात्र बीफचं असतं.

चौघांसाठी काय मागवायचं

मेनूतले प्रसिद्ध पदार्थ एकामागून एक मागवलेत तर टेबलावर चार तळलेली मांसं येतील आणि अर्ध्यात जीव उबगेल. ताट आखतो तसा विचार करा: एक आंबट पातळ, एक कोरडं भाजलेलं किंवा तळलेलं, एक भाजी, एक नारळाचं किंवा दाट रश्श्याचं, आणि भात. डुक्कर आणि बीफ न खाणाऱ्यांसाठी माझी ठरलेली यादी अशी: सिनिगांग ना हिपोन, चिकन इनासाल किंवा बार्बेक्यू, एन्सालादांग तालोंग (वांग्याचं भरीत), आणि अडोबोंग मानोक. चौघांना तेवढं पुरतं. कोणाचा वाढदिवस असेल तर वर एक 'पान्सित', म्हणजे परतलेल्या शेवया. लांब शेवया खाल्ल्या की आयुष्य लांबतं अशी इथली समजूत आहे, त्या मोडू नका.

डुक्कर खाणाऱ्यांनी 'सिसिग' सोडू नये. डुकराच्या डोक्याचं मांस आधी उकडून, मग भाजून, बारीक चिरून, कांदा-मिरची-लिंबू घालून तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत येतं. याची पंढरी म्हणजे पांपांगा प्रांतातलं आंखेलेस शहर. तिथे लुसिया कुनानान, लोकांची 'आलिंग लुसिंग', यांच्या टपरीवर १९७० च्या दशकात हा तवा प्रसिद्ध झाला. जवळच्या अमेरिकन हवाई तळावर डुकराची डोकी वापरात नसत, म्हणून ती स्वस्तात मिळत, असं सांगतात. पांपांगाच्या माणसासमोर सिसिगवर अंडं किंवा मेयोनीज घालू नका, तो दुखावतो. मुळात हा 'पुलुतान' आहे, म्हणजे बिअरबरोबरचा चकणा. १८९० पासून चालत आलेली सान मिगेल बिअर त्यासोबत असली की भाताची आठवण उशिरा होते.

'कारे-कारे' हा शेंगदाण्याच्या कुटाचा दाट रस्सा, त्यात केळफूल आणि वांगं. वाचून विदर्भ-खानदेशाच्या माणसाला घरच्या रश्श्याची आठवण येईल, पण त्यात बहुधा बैलाची शेपटी असते. शिवाय तो मुद्दाम अळणी केलेला असतो. मीठ कुठून आणायचं ते पुढे सांगते.

भात वेगळा मागवावा लागतो. माणशी एक वाटी असा येतो, किंवा 'बांदेहादो' म्हटलं की सगळ्यांत एक मोठं ताट येतं. 'सिनांगाग' म्हणजे लसणावर परतलेला भात. भाताशिवाय इथे जेवण होत नाही, पोळीची आठवण काढू नका.

शाकाहारी असाल तर

खरं सांगते, अवघड आहे. अशक्य नाही, पण 'व्हेज' या शब्दावर विसंबलात तर मावशीसारखी गत होईल. इथे भाजीतही चवीसाठी 'बागोओंग' म्हणजे कोलंबीची किंवा माशाची खारवलेली पेस्ट घालतात, आणि मिठाऐवजी 'पातिस' म्हणजे माशाचं पाणी. पिनाकबेत ही भेंडी-कारलं-भोपळा-वांग्याची सुंदर मिश्रभाजी, पण ती बागोओंगवरच उभी असते. 'लाइंग' म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला अळू, बिकोल भागातला. दिसायला थेट आपलं फदफदं, आणि आत सुकी मासळी. 'तोक्वा' म्हणजे टोफू, म्हणून 'तोक्वात बाबोय' मागवाल तर सोबत डुकराचा कान येईल. कांगकोंगमध्ये बऱ्याचदा ऑयस्टर सॉस असतो.

'कार्ने' म्हणजे मांस, पण पुष्कळांच्या लेखी त्यात कोंबडी आणि मासे येत नाहीत. म्हणून एकेकाचं नाव घ्यावं लागतं. हे वाक्य मोबाइलवर लिहून ठेवा आणि सावकाश म्हणा: 'वालांग कार्ने, वालांग मानोक, वालांग इस्दा, वालांग हिपोन, वालांग पातिस, वालांग बागोओंग पो.' 'वाला' म्हणजे नाही. एवढं ऐकून वेटर गोंधळून हसेल आणि आत विचारून येईल. त्याला येऊ द्या. घाई केलीत तर तो मान हलवेल, आणि ती मान भिडेपोटी हललेली असू शकते. तोंडावर नाही म्हणणं इथल्या माणसाला जड जातं, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

मग खायचं काय? एन्सालादांग तालोंग म्हणजे आपलं वांग्याचं भरीत, फक्त दह्याऐवजी व्हिनेगर आणि वर टोमॅटो-कांदा. बागोओंग वेगळं द्यायला सांगा. अंडं चालत असेल तर तोर्तांग तालोंग, भाजलेलं वांगं अंड्यात बुडवून तव्यावर परतलेलं. सिनांगाग, आचारा, आणि मूग हवेच असतील तर वरचं वाक्य दोनदा म्हणून. शुक्रवारी मोंगो हमखास मिळतं, कॅथलिक घरांत तो मांस टाळायचा दिवस. पण मासा त्यातही असतो. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी मात्र फळं आणि शहाळ्यावर रात्र काढण्याची तयारी ठेवावी किंवा भारतीय हॉटेल गाठावं.

बीफ टाळणाऱ्यांनी बुलालो, तापा, बिस्तेक, पारेस आणि कारे-कारे ही नावं लक्षात ठेवावीत, कारण यांत 'बाका' हा शब्द लिहिलेला नसतो. काल्देरेता म्हणजे टोमॅटोतला मांसाचा रस्सा, तो बोकडाचा की बीफचा ते विचारा. शेंगदाण्याची किंवा कोलंबीची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

डावी बाजू लावणे

पदार्थ यायच्या आधी टेबलावर काय आहे ते बघा, नसेल तर मागा. तोयो म्हणजे सोया सॉस. सुका म्हणजे व्हिनेगर (आपलं सुकं नव्हे). पातिस, बागोओंग वर आलेच आहेत. कालामान्सी म्हणजे गोटीएवढं हिरवं लिंबू, चव लिंबू आणि संत्र्याच्या मधली. आणि सिलिंग लाबुयो, बोटाच्या पेराएवढी लवंगी मिरची. फिलिपिनो जेवण तिखट नसतं, त्यामुळे ही मिरची आपल्या माणसाला आधार. पण कोल्हापूरच्या जोरावर चार चेचू नका, एकीपासून सुरुवात करा.

प्रत्येकाला एक छोटी बशी मिळते. तीत आपलं आपण मिसळायचं. भाजलेल्या कोंबडी-माशाला दोन चमचे तोयो, तीन-चार कालामान्सी पिळून, एक मिरची चेचून. तळलेल्या डुकराच्या मांसाला सुका, ठेचलेला लसूण आणि कांदा. सिनिगांगमधल्या कोलंबीला पातिसमध्ये मिरची चेचून, आणि त्यात फक्त टोक बुडवायचं, पातिस खारट जाळ असतं. कारे-कारेच्या प्रत्येक घासाला कणभर बागोओंग, ते अळणीपणाचं उत्तर. लुम्पिया म्हणजे बारीक रोल, त्यांना गोड-आंबट सॉस किंवा केळ्याचं केचप. हे केचप फिलिपिन्सचंच, लाल रंगाचं आणि गोड. इनासालच्या टेबलावर नारिंगी तेलाची बाटली दिसेल, ती कोंबडीच्या चरबीची. भातावर थोडी सोडा.

सुका एकच नसतो. उसाचा, नीपा पामचा आणि नारळाच्या झाडाच्या रसाचा अशा तिन्ही तऱ्हा आहेत. माडाचा रस इथे 'तुबा', त्याचंच आंबवलेलं हे व्हिनेगर. गोव्याच्या स्वयंपाकघरात माडाचं व्हिनेगर तसंच बनतं, आणि तुबा ऊर्ध्वपातित केली की इथे 'लांबानोग' होतो, तिथे माडाची फेणी. मिरच्या-लसूण-आलं मुरवलेला 'सिनामाक' मिळाला तर बाकी सगळं बाजूला सारा.

एक नियम पाळा: सगळ्यांच्या मधल्या ताटलीवर परस्पर कालामान्सी पिळू नका. सिसिग आला की आधी विचारायचं, 'पिळू का?' इथे त्यावरून खरोखर रुसवेफुगवे होतात.

आणि एक मजा. मधल्या बेटांवरच्या सेबुआनो भाषेत मोठ्या कांद्याला 'बोंबाय' म्हणतात. बाजारात बाई 'बोंबाय, बोंबाय' ओरडत असली तर ती तुम्हाला उद्देशून नाही. भारतीय माणसालाही इथे 'बुम्बाय' म्हणतात हे मात्र खरं, आणि त्याचा सूर कधी कधी खटकतो.

खाताना

उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा. काट्याने ढकलायचं, चमच्याने खायचं. सुरी मिळत नाही, चमच्याच्या कडेने कोंबडी तुटते. हाताने खाल्लं तरी कोणी वळून बघत नाही. उलट 'कामायान' म्हणजे हाताने जेवण ही इथली जुनी रीत आहे, आणि केळीच्या पानांवर भात-मासे-भाज्यांची रास मांडून सगळ्यांनी मिळून खायचा प्रकार काही हॉटेलं मुद्दाम ठेवतात. त्याला 'बूडल फाइट' म्हणतात, तो लष्करातून आला. पंगतीची सवय असलेल्यांना एवढंच सांगते, इथे प्रत्येकाचं पान वेगळं नसतं. आपल्यासमोरची रास आपली, शेजारच्याच्या कोलंबीवर डोळा ठेवू नये.

फिलिपिनो मित्र सोबत असतील तर शेवटचा तुकडा ताटलीत तसाच राहतो. सगळ्यांना हवा असतो, पण घ्यायला लाज वाटते. तुम्हाला हवा असेल तर आधी दोघांना आग्रह करा, ते नाही म्हणतील, मग घ्या. शेजारच्या टेबलावरचं कोणी 'काइन तायो' म्हणालं तर तो जेवायला बसा म्हणण्याचा शिष्टाचार आहे, 'या जेवायला' सारखा. हसून आभार मानायचे, खुर्ची ओढायची नाही.

गोड

हालो-हालो म्हणजे ढवळ-ढवळ. उंच ग्लासात तळाशी गोड पाकातले चवळीसारखे दाणे, छोले, केळं, फणस, नारळाची जेली, साबुदाणा, वर बर्फाचा चुरा, आटवलेलं दूध, कॅरमल कस्टर्डची वडी, आणि जांभळं आइस्क्रीम. गोड छोले वाचून नाक मुरडू नका. ते जांभळं म्हणजे 'उबे', आपलं कोनफळ. उंधियूतलं कोनफळ इथे मिठाईत राज्य करतं. वर भुरभुरलेले 'पिनिपिग' हे चिकट भाताचे भाजलेले पोहे. चमचा तळापर्यंत नेऊन ढवळल्याशिवाय पहिला घास घेऊ नका. दोघांत एक पुरतो.

डिसेंबरमध्ये आलात तर 'बिबिंका' शोधा. नावाने गोव्याच्या बेबिंकाची बहीण, पण ही थरांची नसते, केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा केक असतो, वर लोणी आणि खोबरं. १६ ते २४ डिसेंबरच्या पहाटेच्या प्रार्थनांनंतर चर्चच्या दारात ताजी मिळते, तिथली हॉटेलपेक्षा कधीही चांगली.

बिल

बोटांनी हवेत चौकोन काढा किंवा 'बिल आउट पो' म्हणा. मेनूतल्या किमतीत १२ टक्के व्हॅट बहुधा धरलेला असतो, पण वर १० टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क लागू शकतं, ते बिलात बघा. २०१९ च्या कायद्यानुसार ते सगळं कर्मचाऱ्यांमध्ये वाटावं लागतं, म्हणून लावलेलं असेल तर वेगळी टीप देण्याचं बंधन नाही. मी सुटे ठेवून येते. साठीच्या पुढच्यांना २० टक्के सवलत असते ती फिलिपिनो नागरिकांना. बाबांनी इथे आपलं आधार कार्ड काढून दाखवलं होतं, उपयोग झाला नाही. पेसो साधारण दीड रुपयाच्या आसपास धरा. मॉलमधल्या मध्यम हॉटेलात माणशी ५०० ते ८०० पेसोंचा हिशोब मी करते. कार्ड चालतं, पण कारिन्देरियात रोख लागते.

'केकेबी' म्हटलं तर ज्याने त्याने आपापले द्यायचे. वाढदिवस ज्याचा, पैसे त्याचे, हे आपल्यासारखंच.

उरलेलं टाकू नका, 'पाबालोत पो' म्हणा, बांधून देतात. सिनिगांगचं पाणी सांडतं, ते तिथेच पिऊन टाका. अडोबो मात्र नक्की न्या. व्हिनेगरमुळे तो टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लसूण परतलेल्या भातावर, वर एक अंडं फोडून, रात्रीपेक्षा चांगला लागतो.